साहेबांचा बॉल आतच असतो

'या वयात?' हे दोन शब्द ज्याच्या तोंडून ऐकतो, त्याला मी नेटच्या पलीकडे उभा करतो आणि त्याच्या बुटांच्या रोखानं एक बॉल मारतो. लागत नाही. लागू नये इतपत कला माझ्या हातात आहे. पण तो माणूस टुणकन उडी मारतो. बघा, मारली की नाही उडी? या वयात?

संपादकबाईंनी मला विषय दिला होता : मोठ्या वयात टेनिस खेळण्याचे आनंद आणि तब्येतीला होणारे फायदे. 'प्रसन्न लिहा हं, दिवाळीचा अंक आहे,' असंही बजावलं. मी तसा प्रसन्नच माणूस आहे. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून लोक धडपडतात. पण या विषयावर लिहायला बसलो की माझं डोकं तापतं, त्याला माझा इलाज नाही. आनंद लिहीन, फायदेही लिहीन. आधी संताप.

मी मोठ्यांना टेनिस शिकवतो. आमच्या संभाजीनगरात, जालना रोडवरून थोडं आत गेलं की एक जुना क्लब आहे, तिथं. क्लबचं नाव लिहीत नाही; आमचा सेक्रेटरी तसाही पहिल्याच ओळीला ओळखणार आहे. दोन कोर्टं आहेत. नंबर एक सिमेंटचं, नंबर दोन मातीचं. मातीच्या कोर्टाला रोज पाणी मारावं लागतं, रोलर फिरवावा लागतो, चुन्याच्या रेषा पुन्हा पुन्हा ओढाव्या लागतात. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार यावर घराघरात पैजा लागतात, तिथं कोर्टाला पाणी कोण देणार? म्हणून नंबर दोन कायम धुळीचं, आणि म्हणूनच ते माझ्या मोठ्यांच्या बॅचला.

मुलांना शिकवणारे कोच मला कोच समजत नाहीत. त्यांच्याकडे देशाचं भविष्य असतं, माझ्याकडे पोटं. 'तुमचं काय बुवा, आरामाचं काम,' असं म्हणतात. आरामाचं! मुलाचा बॉल चुकला तर ते हसतं आणि दुसरा मारतं. मोठ्या माणसाचा बॉल चुकला की तो म्हणतो, 'सॉरी सर.' नेटमध्ये गेला, सॉरी. बाहेर गेला, सॉरी. रॅकेटला लागलाच नाही, तरी सॉरी. कुणाला म्हणतो, देवाला ठाऊक. शेवटी मी नियम केला, जो सॉरी म्हणेल त्यानं कोर्टाला एक फेरी मारायची. पहिल्या आठवड्यात सगळे इतके पळतात, की टेनिस शिकवायची गरजच उरत नाही.

फायदे विचारता ना? मग ऐका. माणूस चाळिशी ओलांडतो आणि त्यानंतर फक्त सरळ चालतो. घरातून गाडीपर्यंत, गाडीतून खुर्चीपर्यंत. आडवं पळणं, मागं सरकणं, झटकन वाकणं, वर बघत हात ताणणं, सगळं बंद. मग एक दिवस न्हाणीघरात पाय सटकतो आणि तोल कसा सावरायचा हेच शरीराला आठवत नाही. टेनिसमध्ये नेमकं हेच आहे. चार पावलं पळा, थांबा, वळा, मारा, जागेवर परत या. दम लागतो, खाली बसतो, पुन्हा लागतो. डोळा बॉलवर असल्यामुळे डोक्यात दुसरं काही शिरत नाही. फोन पिशवीत पडून बोंबलत असतो. घरी गेल्यावर खरी भूक लागते, रात्री मेल्यासारखी झोप लागते. आणि सगळ्यात मोठा फायदा, चिडता येतं! सभ्य माणसाला काहीतरी जोरात हाणायची परवानगी दुसरीकडे कुठं मिळते, सांगा मला.

हे सगळं फुकट पडलेलं असताना लोक काय करतात? बीड बायपासकडचा एक बिल्डर माझ्याकडे आला. पांढरा शुभ्र पोशाख, कपाळाला पट्टी, दोन्ही मनगटांना पट्ट्या, पाठीवर नवरीची बॅग वाटावी एवढी बॅग. पहिला प्रश्न, 'सर, फोटो कोणत्या बाजूनं चांगला येईल?' फोटो झाले आणि तो गेला. दुसरा एक गृहस्थ स्वतः खेळत नसे. बायकोला सोडायला येई आणि जाळीबाहेर उभा राहून तास घेई. 'अगं, कोपर! अगं, बॉलकडे बघ! अगं, असं नाही!' एक दिवस मी जाळीचं दार उघडलं, त्याच्या हातात रॅकेट दिली आणि म्हटलं, 'या, दाखवा.' पहिला बॉल त्याच्या बगलेतून गेला. दुसरा रॅकेटच्या कडेला लागून त्याच्याच नाकावर आला. म्हणाला, 'आज वारा आहे.' त्याची बायको खाली बसली. हसून हसून तिला उठवेना.

आता ज्या बाईसाठी हा लेख लिहितोय, तिच्याकडे येतो.

कल्पनाताई वाकळे. वय पन्नासच्या अलीकडे. माहेर गंगापूर तालुक्यातलं, ऊस-कापसाचं घर. राहायला शहरात आणि नोकरी पाचोडच्या एका शाळेत, गणित शिकवायची. रोज साडेसातला वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप पकडून जायचं, संध्याकाळी यायचं. पहिल्या दिवशी सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च बांधलेली आणि पायात लेकाचे जुने बूट, अशा त्या कोर्टाच्या दारात उभ्या राहिल्या. आत यायला तयार नाहीत.

"सर, मला पळता येत नाय."

"शेवटचं कधी पळालात?"

"एसटीमागं."

"सापडली का?"

"सापडली ना."

"मग येतंय की. चला आत."

आत आल्या, पण रॅकेट धरण्याआधी एक गोष्ट त्यांनी सांगितली, गणिताच्या बाई सांगतात तशी सरळ. "मला शुगर निघालीय. डॉक्टर म्हणाले चाला, तर चालले. पण चालताना डोक्यात शाळा, पेपर, सासूबाईंचं औषध, लेकाचं कॉलेज. पाय चालतेत अन् डोकं दळतंय. शुगर जिथल्या तिथं. मला असं कायतरी द्या की ज्यात डोकं बंद पडंल." मग म्हणाल्या, "माझ्या आईचा पाय काढला शुगरपायी. गुडघ्याच्या खालून. मला माझे दोन्ही पाहिजेत."

चालणं वाईट नाही. आणि गोळ्या सोडा असं मी कधीच कुणाला सांगत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या, बॉलची टोपली माझी. पण त्या दिवशी मला या बाईचा नाही, तिला पन्नाशीपर्यंत कुणी मैदानावर येऊच दिलं नाही याचा संताप आला. कारण अर्ध्या तासात मला कळलं की माझ्या पुढ्यात खेळाडू आहे. डावीकडे आलेला बॉल, म्हणजे बॅकहँड, हा मोठ्या वयात शिकणाऱ्यांचा वैरी. डावा हात नुसता लोंबकळत असतो. कल्पनाताईंनी रॅकेट दोन्ही हातांनी धरली आणि असा फटका मारला की मीच बाजूला झालो.

"ताई, हे कुठं शिकलात?"

"लहानपणी दोन्ही हातानं कापूस वेचलाय, सर. एका हातानं वेचणाऱ्या पोरीला आमची आई जेवू घालत नव्हती."

त्यांना जोडीदार म्हणून मी इकबालभाई दिले. शहागंजकडे त्यांचं चष्म्याचं दुकान. साठीला आलेले, ढेरी राखून असलेले, पण नेटजवळ उभे राहिले तर हात मांजरासारखा चालायचा. पळायला सांगितलं की म्हणायचे, "उस्ताद, भागनेका काम बाई को दो. मैं इधरिच खडा रहता. बॉल को गरज हुई तो आएगा मेरे पास." आणि खरंच यायचा. डबल्समध्ये, म्हणजे दोघं विरुद्ध दोघं खेळताना, एक पळणारा आणि एक थांबणारा असे दोघे जमले की भल्याभल्यांना घाम फुटतो. ताई मागं आडव्या पळायच्या, इकबालभाई पुढं उभे राहून पॉइंट संपवायचे. वर्ष उलटता उलटता डॉक्टर ताईंचा रिपोर्ट बघून म्हणाले, 'असंच चालू ठेवा.' त्या दिवशी ताईंनी सगळ्या बॅचला गुळपोळी आणली. स्वतः कणभर खाल्ली. मला मात्र दोन खायला लावल्या, आणि शुगर माझी वाढली.

हे सगळं घडायचं सकाळी सहा ते सात. ताईंना दुसरी वेळ शक्यच नव्हती. सातनंतर डबा, जीप, शाळा, संध्याकाळी स्वयंपाक. ही एक तासाची वेळ गेली की टेनिस गेलं. हे लक्षात आलं तरच पुढचा माझा थयथयाट समजेल.

त्याच वेळी शेजारी, नंबर एकच्या सिमेंटवर, साहेब खेळायचे. खात्याचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या सहीशिवाय शहरात विटेवर वीट चढत नाही असे साहेब, असं समजा. त्यांच्याबरोबर खेळायला कोण? एक कंत्राटदार, एक आर्किटेक्ट, एक मंगल कार्यालयाचा मालक. यातल्या एकालाही टेनिस आवडत नव्हतं. पहाटे उठून तोंड आंबट करून यायचे आणि साहेबांची गाडी दिसली की तोंड गोड करायचे.

टेनिसचा एक साधा नियम आहे. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर पंच वगैरे नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. समोरच्यानं ते मानायचं. सगळा खेळ या विश्वासावर उभा. आता नंबर एकवरचा रिवाज ऐका : साहेबांचा बॉल आतच असतो. साहेबांची सर्व्हिस जोरदार, आवाजही मोठा आणि बॉल रेषेच्या चांगला हातभर पुढं. की लगेच पलीकडून गजर. "लाइनवर, सर!" "काय कोपरा काढला!" "दिसलाच नाही, सर!" शेवटचं तेवढं खरं असायचं, कारण ते बघतच नसत.

माणूस वाईट होता का? नव्हता, आणि माझ्या रागाचा मोठा वाटा त्यातच होता. पाचला उठायचा, घाम गाळायचा, सुट्टीच्या दिवशी एकटा येऊन सर्व्हिस घोटायचा. मनापासून खेळणारा माणूस. पण तीन वर्षं रोज येऊन त्याला टेनिस मिळालंच नव्हतं. मिळत होती ती आरती. बॉल बाहेर गेला हे कळलं नाही, तर हात सुधारणार कसा? मी एकदा सेक्रेटरीला म्हणालो, "अहो, त्यांना कुणीतरी सांगा." सेक्रेटरी म्हणाला, "कोच, तुम्ही नंबर दोनपुरतं बघा."

मग वार्षिक स्पर्धा आली. मोठ्यांचे डबल्स. कल्पनाताई आणि इकबालभाई एकेक जोडी हरवत फायनलला पोचले. दुसऱ्या बाजूनं साहेब आणि ते कंत्राटदार, दराडे. ते कसे पोचले हे सांगायला नको. फायनलच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीनं मला चहाला बोलावलं. तो चहाला बोलावतो तेव्हा मला घाम फुटतो.

"कोच, साहेबांचा ग्रुप वाढतोय. सकाळी सहाला दोन्ही कोर्टं लागतील असं दिसतंय."

"आणि माझी बॅच?"

"दुपारी घ्या ना. कोर्ट मोकळंच असतं."

"दुपारी! इथल्या दुपारी? माणसं शिकवायची का वाळवायची?"

"ऐका तर. उद्याची फायनल जरा सांभाळून झाली, म्हणजे साहेबांचा सत्कारही आहे उद्या, मूड चांगला राहिला, तर तुमच्या सकाळचं मी बघतो. वाकळेबाईंना सांगा, शिक्षिका आहेत, समजूतदार असतात."

मी चहा तसाच ठेवून उठलो. क्लबच्या चहाची चव बघता तो काही फार मोठा त्याग नव्हता. पण घरी जाईपर्यंत मी रस्त्यावरच्या प्रत्येक स्कूटरवाल्याला शिव्या दिल्या.

ताईंना सांगावं की नाही? वेळ त्यांची, पाय त्यांचे. सांगितलं. इकबालभाईही होते. मला वाटलं होतं, ताई पेटून उठतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग हरू की."

"हरू?"

"त्यात काय एवढं, सर. चार बॉल नेटमधी मारायचे. कप घेऊन मी काय करू, त्यात डाळ शिजवू? मला सकाळचा तास पाहिजे."

इकबालभाई म्हणाले, "बाई सही बोलरी, उस्ताद. हार जाते. मेरेकू तो वैसे बी भागना नक्को."

आता मला सेक्रेटरीबरोबर या दोघांचाही राग आला. त्यापेक्षा जास्त राग याचा, की ताईंचा हिशेब चुकीचा नव्हता.

पण चूक केली ती सेक्रेटरीनं, आणि ती दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. साहेबांच्या सत्कारासाठी त्यानं मांडव घातला. स्टेज, गाद्या, झालर, साहेबांचा हसरा फोटो असलेला बॅनर. खुर्च्या मातीत रुततात म्हणून हे सगळं कुठं उभं केलं? नंबर एकच्या सिमेंटवर! मग फायनल कुठं? नंबर दोनवर. साहेबांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून पाण्याचा अख्खा टँकर मागवला. मी वर्षभर ज्या पाण्यासाठी गयावया करत होतो ते त्या दिवशी नुसतं वाहत होतं. रोलर फिरला, चुन्याच्या रेषा कोऱ्या झाल्या. मुंगी चालली तरी पाऊल उमटावं अशी माती झाली.

सिमेंटवर बॉल पडतो आणि जातो, मागं काही राहत नाही. ओल्या मातीवर तो शिक्का मारून जातो. स्पष्ट, गोल, रुपयासारखा. मातीवर खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. साहेबांच्या मंडळींनी कधी नंबर दोनवर पाय ठेवला नव्हता. मी सेक्रेटरीला सांगितलं का? त्यानं कुठं विचारलं?

मॅच सुरू झाली. साहेबांचं कुटुंब, कचेरीतले लोक, क्लबचे मेंबर, सगळे खुर्च्या घेऊन कडेला. ठरल्याप्रमाणे ताई हरू लागल्या. एक नेटमध्ये, एक उगाच आभाळात. इकबालभाई तर अशा तन्मयतेनं हरत होते की मला त्यांचं कौतुक वाटलं. मग साहेबांची सर्व्हिस आली. हात वर, मोठा हुंकार, धाड! बॉल रेषेच्या हातभर पुढं पडला आणि मातीवर त्याचा शिक्का उमटला. समोर ताई.

पलीकडून दराडे ओरडले, "क्या बात है, सर! लाइनवर!"

ताई म्हणाल्या, "आउट."

मांडवातला सनईवाला तेवढा वाजवत राहिला. मग कडेनं कलकल सुरू झाली. "आत होता!" "लाइनवर होता ताई, आम्ही बघितला!" सेक्रेटरी खुर्चीवरून अर्धा उठला. "वाकळेबाई, आत होता. नीट बघा." आणि माझ्याकडे असे डोळे केले, की हे काय चाललंय.

मी मागच्या जाळीशी उभा होतो. ताई वळून माझ्याजवळ आल्या. आवाज हळू, पण चेहरा लालबुंद. "सर, हरंन म्हणले होते. खोटं बोलंन नव्हते म्हणले."

त्यांचा इरादा साधा होता. साहेबांची एखादी सर्व्हिस खरोखर आत पडली की ती नेटमध्ये घालायची आणि हरायचं. पण सर्व्हिस आत पडेचना! आणि न पडलेला बॉल पडला म्हणायला त्यांची जीभ वळेना. रोज वर्गात चुकीच्या उत्तरावर फुली मारणारी बाई ती.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "एका कपासाठी किती ते, मास्तरीणबाई!"

संपलं. ताई तरातरा चालत गेल्या, रॅकेटच्या टोकानं त्या शिक्क्याभोवती गोल ओढला आणि म्हणाल्या, "साहेब, या. तुम्हीच बघा."

साहेब नेटला वळसा घालून आले. खाली बघितलं. शिक्का बघितला, रेषा बघितली, मधलं अंतर बघितलं. परत गेले आणि दुसरी सर्व्हिस मारली. बाहेर. ताईंनी गोल ओढला. साहेब पुन्हा आले, पुन्हा बघितलं. त्या गेममध्ये नेटच्या अलीकडं माझ्या देखत एवढे गोल जमले की रांगोळीच झाली.

शेवटी साहेब जोडीदाराकडे वळले. "दराडे, नंबर एकवर पण असंच?"

"नाही, सर. तिथं कसंय, तिथं उतार वेगळा आहे."

"सिमेंटला उतार?"

दराडे चुन्याच्या रेषेकडे बघत राहिले. इकबालभाईंना राहवलं नाही. "साहब, इन सबको मेरी दुकानपे भेजो. आँखों का नंबर मैं मुफ्त में निकालके देता."

त्यानंतर ताई हरायचं विसरल्या. मास्तरीणबाई हा शब्द त्यांच्या दोन्ही हातांत उतरला होता. असे बॅकहँड मारले की दराडे प्रत्येक फटक्याला 'अरे बापरे' म्हणायचे. मॅच संपली, हे दोघं जिंकले. मग सगळे नंबर एकच्या मांडवात गेले आणि साहेबांनी, स्वतःच्या हसऱ्या फोटोखाली उभं राहून, न हसता, ताईंच्या हातात कप दिला. सत्काराची शाल सेक्रेटरीनं अशी पांघरवली, जणू साहेबांना ताप आहे.

परत जाताना ताई रिक्षापाशी थांबल्या. कप पिशवीत घातला होता. "सर, मी माझं वाटोळं केलं ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. त्या दिवशी खोट्याचं वातावरणच नव्हतं.

दोन दिवसांत नोटीस लागली. सोमवारपासून मोठ्यांची सकाळची बॅच बंद, कोर्ट ज्येष्ठ सदस्यांसाठी राखीव. मी सेक्रेटरीच्या टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की त्याचा चष्मा घसरला. तो म्हणाला, "तुम्हाला सांगितलं होतं." माझ्या बॅचमधले बाकीचे घाबरले, कुणी दुपारची वेळ घेतली, कुणी सोडून दिलं. मला त्यांचाही राग आला. आपल्याच बॅचच्या घाबरलेल्या माणसांवर दुसऱ्यांचा राग काढायला आपण किती तयार असतो, हेही त्या आठवड्यात मला माझ्याच तोंडून ऐकायला मिळालं.

पण तिकडे नंबर एकवर वेगळंच चाललं होतं. फायनलच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी ग्रुपला सांगितलं, आजपासून बाहेरचा बॉल बाहेर. झालं! खरं बोलायचं तर मग बॉलकडे बघायला हवं, पळायला हवं, साहेबांना हरवलं तर काय, ही धास्तीही आलीच. कंत्राटदाराचा गुडघा दुखू लागला. आर्किटेक्टला पुण्याचं काम निघालं. मंगल कार्यालयवाल्याच्या घरी सकाळची पूजा सुरू झाली. तीन वर्षं न चुकता येणारी माणसं आठवड्यात गायब. दोन्ही कोर्टं ज्यांच्यासाठी राखीव होती त्या ज्येष्ठ सदस्यांत उरले एकटे साहेब.

सोमवारी सहाला मी गेलो. नोटीस असताना का गेलो? भांडायला. ताई आणि इकबालभाई माझ्याआधी येऊन उभे. दारात सेक्रेटरी खुर्ची टाकून बसलेला, जातीनं.

"साहेबांची वेळ आहे," तो म्हणाला.

"किती साहेब आहेत?" मी विचारलं. "मला तर एकच दिसतोय."

साहेब नंबर एकवर एकटेच सर्व्हिस मारत होते. बॉल जायचा, जाळीला लागायचा, स्वतःच उचलून आणायचे. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग जाळीला तोंड लावून, शाळेच्या मैदानावर पोरांना हाका मारतात तशी हाक मारली :

"साहेब! आम्ही तिघं हाओत, चौथा कमी पडतोय. येता का? पण बाहेरचा बाहेर."

साहेब थांबले. घाम पुसला. सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाला, "सर, यांची बॅच बंद केलीय आपण."

"आपण म्हणजे कोण?" साहेबांनी विचारलं. "मला कुणी विचारलं नव्हतं." आणि रॅकेट घेऊन नंबर दोनवर आले.

बॅच बंदची नोटीस त्याच दिवशी फळ्यावरून उतरली. संपादकबाई म्हणतील, झालं ना सगळं छान, मग आता तरी प्रसन्न व्हा. नाही होत! आमचा तास आमचा होता म्हणून वाचला नाही. साहेब आमच्यात आला म्हणून वाचला. उद्या साहेबाची बदली झाली तर? एका बाईला स्वतःचे पाय शाबूत ठेवायला सकाळचा एक तास हवा आणि तो कुणाच्या तरी मूडवर टांगलेला. या गोष्टीला शांतपणे हसण्याइतका मोठा माणूस मी अजून झालेलो नाही.

पण त्या सकाळचा आनंद मात्र कबूल करतो. इकडे ताई आणि इकबालभाई, तिकडे मी आणि साहेब. साहेबांनी पहिली सर्व्हिस मारली. हातभर बाहेर. ताई आणि इकबालभाई एका सुरात ओरडले, "आउट!" साहेबांनी मान हलवली. दुसरी त्यांनी हळू टाकली, जपून, आणि ती आत पडली. ताईंनी दोन्ही हातांनी ती अशी फिरवली की बॉल साहेबांच्या डावीकडून सुटला. साहेब धावले. आडवे धावले! तीन वर्षांत प्रथमच त्यांना खऱ्या बॉलमागं पळावं लागत होतं. हात ताणला, पाय घसरले आणि एवढा मोठा अधिकारी बुडावर मातीत बसला. बॉल पुढं निघून गेला. सेक्रेटरी दारातून पळत निघाला. साहेबांनी हातानंच त्याला अडवलं. मातीनं माखलेले, धापा टाकत, बॉल गेला त्या दिशेनं ते बघत राहिले. चेहऱ्यावर असा आश्चर्याचा आनंद, की मला त्या पाजी माणसांचा, त्या गजर करणाऱ्यांचा, नव्यानं संताप आला.

पलीकडे ताई रॅकेट खांद्यावर टाकून जागेवर परतल्या होत्या.

"उठा साहेब," त्या म्हणाल्या. "शून्य-पंधरा."